आजाऱ्याचे ताट वेगळे नको

आपल्या कोणत्याही वस्तीत सकाळी एक फेरी मारा. कुठे दात गेलेली पण मिशरी न सुटलेली आजी उंबऱ्यात बसलेली असते. कुठे लकव्याने तोंडाची एक बाजू लुळी पडलेले काका असतात. कुठे गुटख्याने तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही असा ऐन तिशीतला मुलगा, तर कुठे परळच्या टाटा हॉस्पिटलातून जबड्याचे ऑपरेशन करून घरी आलेला बाप. त्यांना सहज विचारा, सकाळपासून काय खाल्ले? उत्तर बहुतेक ठरलेले असते. चहात बुडवून दोन बिस्किटे. दुपारी? थोडा भात, पाणी घालून. रात्री? भूकच लागत नाही.

‘भूकच लागत नाही’ हे आम्हाला पुरते पटत नाही. आजाराने भूक मंदावते, औषधांनीही मंदावते, हे खरे. पण रोज तीन वेळा तेच पांढरे, पातळ, बिनवासाचे काहीतरी पुढे आले तर धडधाकट माणसाचीही भूक मरेल. खोलीत लसणाची फोडणी पडते, तव्यावर बोंबील भाजल्याचा वास सुटतो, आणि त्याच खोलीत एका माणसापुढे पाण्यातला भात येतो. तो दोन घास घेतो, ताट सरकवतो आणि आपण म्हणतो, ‘खातच नाहीत, आता काय करणार?’ आमचे म्हणणे असे आहे की मऊ जेवण आणि बेचव जेवण या दोन गोष्टी आपण एकच समजून बसलो आहोत. त्यापायी घरातले माणूस डोळ्यांदेखत उपाशी राहते, आणि त्या उपासमारीला आपण म्हातारपण किंवा आजारपण असे नाव देतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाचे ताट, वाटी, पेला वेगळा काढून ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. लहान मुलांना त्याच्याजवळ जेवायला बसू देत नाहीत. कर्करोग उष्ट्याने लागत नाही, भांड्याने लागत नाही, मांडीला मांडी लावून जेवल्याने लागत नाही. क्षयरोगसुद्धा भांड्यांतून पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. तिथे तोंडावर रुमाल आणि घरात खेळती हवा हवी, वेगळी वाटी नव्हे. केमोथेरपी चालू असेल तर काळजी उलट्या बाजूने घ्यायची असते. आपल्याकडून रुग्णाला जंतू लागू नयेत म्हणून भांडी स्वच्छ, अन्न ताजे आणि पूर्ण शिजलेले असावे, आणि ज्याला सर्दी-ताप असेल त्याने वाढायला जाऊ नये. वेगळे भांडे म्हणजे काय असते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९२७ साली आपले पूर्वज महाडच्या तळ्यावर कशासाठी गेले होते? तेच वेगळे भांडे आता आपण आपल्या बापासाठी आपल्याच घरात काढायचे का?

दवाखान्यातून घरी सोडताना हातात एक कागद देतात. त्यावर मऊ आहार म्हणून वरणभात, मुगाची खिचडी, दूध, फळांचा रस, रव्याची खीर, साबुदाण्याची पेज असे लिहिलेले असते. कागद चुकीचा नाही. पण तो ज्या स्वयंपाकघराकडे बघून लिहिलेला असतो ते आपले नसते. आपल्या घरात ज्वारीच्या कण्या असतात, हुलग्याचे माडगे असते, सुकट असते, कलेजी असते, पायांचा रस्सा असतो. त्यातले कागदावर काहीच नसते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाची नोंद केली, कारण पाककृतींच्या पुस्तकांनी ते जेवण कधी मोजलेच नव्हते. जे पाककृतीच्या पुस्तकात आले नाही ते आहाराच्या कागदावरही येत नाही. मग आपल्या बाईला वाटते, आपण जे खातो ते आजाऱ्याला चालतच नसणार. आहारतज्ज्ञ ताईंनी ‘घरी काय खाता?’ असे विचारले की ती खाली मान घालून ‘वरणभात’ म्हणते. असे करू नका. सुकट खातो, बोंबील खातो, कलेजी खातो, हे मोकळेपणाने सांगा आणि यातले काय चालेल ते विचारा. खरे सांगितले तरच खरा सल्ला मिळतो.

स्वयंपाकाकडे वळण्याआधी एक फरक नीट समजून घ्या, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. चावता न येणे वेगळे आणि गिळता न येणे वेगळे. दात नसलेल्या आजीला चावता येत नाही, गिळता उत्तम येते. लकवा झालेल्या माणसाला, गळ्याचे ऑपरेशन झालेल्याला किंवा त्या भागावर शेक घेतलेल्याला पुष्कळदा गिळण्याचीच अडचण असते. घास अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेकडे सरकतो. जेवताना ठसका लागणे, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा किंवा ओला येणे, घास गालात साचून राहणे, मधूनमधून ताप आणि छातीत कफ, या खुणा दिसल्या तर घरच्या घरी प्रयोग करू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयात गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात. त्यांच्याकडे पाठवा असे डॉक्टरांना सांगा. अशा माणसाला पातळ तेच सोपे, हा आपला समज उलटा आहे. साधे पाणी हेच त्याला सर्वांत अवघड जाते, कारण ते झर्रकन घशात उतरते. पातळ वरणात मोकळी शिते असलेला भातही धोक्याचा, कारण एकाच घासात पाणी एकीकडे आणि दाणे दुसरीकडे जातात. चहात भिजवलेला पाव आपल्याला मऊ वाटतो, पण तोंडात त्याचा चिकट गोळा होऊन तो घशात अडकू शकतो.

किती मऊ म्हणजे मऊ, हे चमच्याने कळते. भाजीची किंवा मासळीची फोड चमच्याच्या पाठीने दाबा. सहज चेपली आणि पुन्हा मूळ आकारात आली नाही, तर दात नसलेल्याला ती चालेल. हिरड्यांनीही फार चावता येत नसेल तर सगळे बारीक करून ओलसर ठेवा, कण मसूर डाळीच्या दाण्याहून मोठे नकोत. अगदी वाटून द्यायला सांगितले असेल तर ते चमच्यात ढिगासारखे राहिले पाहिजे आणि चमचा तिरका केला की एका झटक्यात घसरून पडले पाहिजे. चिकटून बसले तर फार घट्ट, धार लागली तर फार पातळ. रुग्णाला आडवे निजवून कधीही भरवू नका. भिंतीला टेकवून, उशी लावून ताठ बसवा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसेच बसू द्या. या बाबतीत घाई करणारी माणसे घरातच असतात. आपल्याला कामावर जायचे असते, म्हणून आपण घासावर घास कोंबतो.

आता थोडा हिशेब. साधारण ५० किलो वजनाच्या माणसाला आजारातून उठताना, जखम भरताना दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन कप चहा आणि चार बिस्किटांत मिळून पाच ग्रॅमच्या आसपास मिळतात. पाण्यातला भात घातला तर आणखी तीन-चार. उरलेले शरीर स्वतःच्या मांसातून काढते, म्हणून दंड लोंबतात, बांगडी कोपरापर्यंत चढते, आणि संडासला जाताना आजी भिंत धरते. आता दुसरीकडे बघा. एका अंड्यात सहा ग्रॅम. एक पेला दुधात किंवा तेवढ्या दह्यात सहा-सात. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या डाळीत अकरा-बारा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ. म्हणजे दिवसभरात दोन अंडी, दोन पेले दूध-दही, एक वाटी घट्ट डाळ, दोन-तीन चमचे दाण्याचे कूट, थोडा भात किंवा कण्या आणि चमचा-दोन चमचे सुकटीची पूड एवढे पोटात गेले की साठीच्या घरात पोचता येते. यात महाग काय आहे? ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र हा आकडा धरू नये. त्यांचे प्रमाण डॉक्टर ठरवतील.

औषधाच्या दुकानातल्या पावडरच्या डब्याविषयी इथेच सांगतो. डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर जरूर घ्या, काही रुग्णांना तो लागतोच. पण शेजारच्याने सांगितले म्हणून उधारी करून आणू नका. दुकानात उभे राहून त्या किमतीत किती अंडी आणि किती किलो शेंगदाणे येतात ते आधी मोजा.

स्वयंपाकात आमचे धोरण एकच आहे. रुग्णासाठी वेगळी चूल नको, घरच्याच भांड्यातून त्याचा वाटा काढा. काय काढायचे आणि कधी काढायचे एवढेच शिकायचे. घरात पिठले होणार असेल तर ते जरा पातळ ठेवा. कांदा अगदी मऊ होईपर्यंत तेलात परता, लसूण ठेचून घाला, आणि तिखट घालण्याआधी रुग्णाची वाटी बाजूला करा. त्यावर एक चमचा कच्चे तेल किंवा तूप सोडा. एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात, आणि थोडेच खाणाऱ्या माणसाला त्यांचा मोठा आधार होतो. भाकरी सोडायची गरज नाही. गरम भाकरीचा पापुद्रा आणि कड काढून टाका, आतला मऊ भाग कुस्करा, त्यावर गरम कालवण किंवा दूध ओता आणि दहा मिनिटे झाकून ठेवा. नंतर चमच्याने घोटा. ज्या माणसाने जन्मभर भाकरी खाल्ली त्याला भाकरीचा वास आला तरी बरे वाटते, हे आम्ही कितीतरी घरांत पाहिले आहे.

मोहरी, कढीपत्त्याचे पान, जिऱ्याचा दाणा हिरड्यांत अडकतो म्हणून बाया फोडणीच बंद करतात. फोडणी बंद करू नका. ती करा आणि चहाच्या गाळणीतून तेल गाळून डाळीवर ओता. वास तेलात उतरलेला असतो, दाणे गाळणीत राहतात. लसणाच्या कुड्या सालासकट निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजल्या की आत लोण्यासारख्या मऊ होतात. त्या पिळून डाळीत घोटा. कांदा तळून पाट्यावर वाटला की फिक्या वरणालाही रंग आणि गोडी येते. कोथिंबिरीच्या कोवळ्या पानांचे वाटण, नारळाचे दूध, हिंग, भाजलेल्या जिऱ्याची पूड, यातले काहीही महाग नाही आणि काहीही चावावे लागत नाही.

सुकट आणि बोंबील यांच्याबद्दल आम्हाला विशेष सांगायचे आहे. सुकट निवडून, खारट असेल तर पाण्यातून काढून वाळवा. रक्तदाबाच्या माणसासाठी हे आवश्यकच. मग मंद तव्यावर कुरकुरीत भाजा, खलबत्त्यात कुटा आणि चाळा. ही पूड डबीत ठेवली की आठवडाभर हाताशी असते. भाजलेल्या वांग्याच्या भरतात, डाळीत, मऊ भातात एक चमचा घातली की सगळ्याची चव पालटते. वांगे निखाऱ्यावर पूर्ण भाजा, साल नीट काढा, बिया जास्त असतील तर त्याही काढा. मुंबईकडच्या लोकांना ओला बोंबील मिळतो. तो हळद-मिठात पाच मिनिटे शिजला की विरघळतो आणि त्याचा मधला काटाही मऊ असतो, तरी तो काढूनच द्या. बाकी कोणतीही मासळी असो, काटे चांगल्या उजेडात आणि बोटांनी चाचपून काढायचे. दिवे गेलेले असताना मासळी भरवायची नाही.

अंडे नुसते उकडून दिले तर पिवळा बलक कोरडा पडतो आणि घशात बसतो. त्यापेक्षा अंडे दोन चमचे दुधात फेटून, किसलेला टोमॅटो किंवा मऊ कांदा घालून मंद आचेवर ओलसर भुर्जी करा. अंडे मात्र कच्चे राहू देऊ नका. तेच फेटलेले अंडे उकळत्या रश्श्यात धार धरून ढवळत सोडले तर बारीक तंतू होतात आणि रस्सा दाटही होतो. कलेजी जास्त शिजवली की रबरासारखी होते. बारीक फोडी करून आतली लाली जाईपर्यंतच शिजवा, मग कांद्याच्या वाटणाबरोबर पाट्यावर वाटा. आठवड्यातून एकदा पुरे. वजडीचा हट्ट मात्र दातांशिवाय धरू नये. कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी ती चिवट राहते.

हुलग्याचे पीठ खमंग भाजून पाण्यात कालवून शिजवले की माडगे होते. गूळ घाला किंवा मीठ-लसूण घाला, दोन्ही चांगले. कण्या ताकात मऊ शिजवून घोटल्या की उन्हाळ्यात गार करून देता येतात. रेशनच्या तांदळाला नावे ठेवणाऱ्यांनी तो मुगाच्या डाळीबरोबर अर्ध्याला अर्धा घेऊन, चौपट-पाचपट पाण्यात शिजवून, वर गाळलेली फोडणी घालून एकदा खाऊन पाहावा. पोट साफ होत नाही ही मऊ आहारावरच्या माणसाची कायमची तक्रार असते. त्यासाठी पिकलेली पपई, केळे, आणि देठ काढून मऊ शिजवलेली पालक किंवा चाकवताची भाजी रोजच्या जेवणात हवी.

मिक्सरविषयी एक सूचना. भात, डाळ, भाजी, अंडे असे सगळे एकत्र घालून फिरवू नका. त्याचा जो करडा गोळा होतो तो पाहून कोणालाही खावेसे वाटणार नाही. पिवळी डाळ एका बाजूला, हिरवी भाजी दुसऱ्या बाजूला, पांढरा भात मधे, असे वेगवेगळे घोटून ताटात मांडा. काय खातो आहोत हे माणसाला दिसले पाहिजे. मिक्सर नसेल तर पुरणयंत्र उत्तम काम करते, तेही नसेल तर पिठाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने घासा.

तिखटाचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. आमचे मत सरळ आहे. ज्याच्या तोंडात जखम आहे, शेक चालू आहे, गुटख्याने तोंड आतून कडक होऊन झोंबते आहे, त्याला तिखट नाही, आंबट नाही, कढत नाही. त्याला कोमट किंवा गार द्यायचे, आणि जेवणाआधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून हलकी चूळ भरायला लावायची. पण जिचे फक्त दात पडले आहेत त्या आजीचे तिखट कशासाठी तोडता? पोटाची तक्रार नसेल तर तिला ठेचा द्या. मिरची भाजून, दाण्यांबरोबर अगदी बारीक वाटून, तेलात कालवून द्या. सत्तर वर्षे ठेचा खाल्लेल्या बाईला ‘आता तुमचे वय झाले’ म्हणून साखर-दूध देणे हा अन्याय आहे.

शेक घेतलेल्या माणसाची लाळ आटते आणि चव जाते. त्याला सगळे मातीसारखे किंवा पुठ्ठ्यासारखे लागते. चव हळूहळू परत येते, पण त्याला काही महिने लागतात. या दिवसांत त्याने ताट सरकवले तर रुसू नका. कालपर्यंत आवडणारे आज आवडत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आवडते. जेवणात ओलावा जास्त ठेवा, प्रत्येक घासाला रस्सा, दही किंवा तूप लावा. तोंडाला चव यावी म्हणून मिशरी किंवा सुपारी मागितली तर मात्र नाही म्हणा. सुपारीनेही कर्करोग होतो, तंबाखू नसली तरीही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कोपऱ्यावर मिळते, हे काय प्रकरण आहे त्यावर या पानावर पुन्हा लिहावे लागेल.

एका बैठकीत भरपूर खायला लावण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्या. सकाळी दुधातले माडगे. दहाच्या सुमारास ओलसर भुर्जी आणि दुधात कुस्करलेली भाकरी. दुपारी डाळ-भात, भरीत, सुकटीची पूड. चारला केळे कुस्करून दह्यात, किंवा दाण्याचे बारीक कूट आणि गूळ घालून दूध. मधुमेह असेल तर गूळ वगळा. संध्याकाळी पिठले-भाकरीचा काला. झोपण्याआधी तासभर थोडे दूध. चहा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. फक्त चहा जेवणानंतर द्या, जेवणाच्या जागी नको.

हे सगळे करणार कोण? घरची बाई पहाटे उठून पाणी भरते, डबे करते, चार घरची धुणीभांडी करून येते. तिच्या डोक्यावर आणखी सहा वेळचे घोटणे-गाळणे टाकून आरोग्याच्या गप्पा मारणे आम्हाला मान्य नाही. सुकट भाजून कुटणे, दाणे भाजून कूट करणे, माडग्याचे पीठ भाजणे, मासळीचे काटे काढणे ही कामे घरातल्या पुरुषाने आणि मोठ्या मुलाने रविवारी बसून करावीत. यात कमीपणा काहीच नाही. आजारी भिक्षूची सेवा स्वतः तथागतांनी केली होती, त्याला स्वतः धुतले होते, हे आपण वर्षावासाच्या वाचनात ऐकतो. आणि बाईच आजारी पडली तर? हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो, कारण अशा घरात बहुतेक वेळा मऊ जेवण बनतच नाही. ती जबड्याला टाके असतानाही सगळ्यांचे रांधते आणि स्वतः चहात पोळी बुडवते. विहाराच्या महिला मंडळांनी आपल्या वस्तीत अशा किती जणी आहेत त्याची एक यादी करावी. रोज एका घराने एक वाटी घोटलेली डाळ पोचवली तरी आठवडा निघतो. बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला आपण खीरदान करतो, तेव्हा रांगेत उभे राहू न शकणाऱ्यांची खीर आधी काढून ठेवावी, आणि ती नीट घोटून, मधुमेही असतील त्यांची बिनसाखरेची. कठोर उपवासाने काया झिजवून काही हाती लागले नाही, तेव्हा सिद्धार्थ गौतमाने सुजातेची खीर स्वीकारली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच.

एवढे करूनही काही वेळा पुरत नाही. महिन्याभरात ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो वजन उतरले, लघवी कमी आणि गडद झाली, दोन दिवस घासच गेला नाही, तर वाट पाहू नका. दवाखान्यात नाकातून नळी घालायला सांगितली की घरचे घाबरतात. ‘नळी लागली म्हणजे संपले’ असे म्हणून रुग्णाला घरी घेऊन येतात. नळी बहुधा काही आठवड्यांची असते, जखम भरेपर्यंत अंगात ताकद टिकवण्यासाठी असते. तिच्यातून काय, किती, किती पातळ द्यायचे ते तिथल्या नर्सताईंकडून समोर करून घ्या आणि घरी तसेच करा. ज्यांचे फक्त दात गेले आहेत त्यांनी कवळीची चौकशी करावी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ती खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात बसते. खेपा जास्त पडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

राहिला रविवार. घरात मटण शिजते आणि त्याच दिवशी आजाऱ्याला सगळ्यात जास्त वगळल्यासारखे वाटते. खाटिकाकडून पाव किलो खिमा दोनदा बारीक करून घ्या, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला चांगला शिजवा, रस्सा सुटा ठेवा आणि मऊ भाताबरोबर घोटून द्या. खिमा परवडत नसेल तर घरच्याच मटणाचा रस्सा तिखट घालण्याआधी काढा आणि त्यात अंडे फेटून सोडा, कारण नुसत्या रश्श्यात चव असते, प्रथिने फार नसतात. नळीचे हाड ताटलीवर ठोकून आतला मगज काढा, त्यात हाडाची कपची आली नाही ना ते बोटाने पाहा, आणि तो भातात कालवून सगळ्यांच्या पंगतीत बसलेल्या आजीच्या ताटात वाढा. पोरे त्याच्यासाठी भांडतील. त्यांना पुढच्या रविवारी.